कोरले, ठोकले की जडवले?

[घरातील भांडी, दागिने आणि शोभेच्या वस्तू यांवर आपण नक्षी पाहतो. ‘छान नक्षीकाम आहे’ एवढे म्हणून आपण थांबतो. ती नक्षी कशी केली आहे हे नेमक्या शब्दांत कसे सांगावे आणि तसे सांगणे का आवश्यक आहे, हे या पाठात समजावून दिले आहे.]

तांबे की पितळ?

आपले कल्याण हे फार जुने बंदर आहे. उल्हास नदीच्या खाडीतून येथे गलबते ये-जा करीत. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये प्राचीन शिलालेख आहेत. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा आणि कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या काळीही या गावात धातूचे काम करणारे कारागीर होते आणि दानधर्म करण्याइतके ते संपन्न होते.

इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या लेखकाने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. कल्याणहून कोणता माल बाहेर जातो, हे त्याने त्यात सांगितले आहे. त्या यादीत एका धातूचे नाव आहे. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्यात कल्याणचा व्यापार पितळेचा होता असे म्हटले आहे. पुढे १८९७ साली मॅक्रिंडल यांनी त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांनी त्याच जागी तांबे असे लिहिले!

असे का झाले? मूळ ग्रीक शब्द ‘खाल्कोस’ असा आहे. हा शब्द तांबे, कासे आणि कधी कधी पितळ या तिन्ही धातूंसाठी वापरला जाई. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते त्याला ठाऊक होते. वाचणाऱ्याला मात्र ते कळेनासे झाले. त्याच यादीत एका लाकडाचे नाव आहे. गॅझेटियरने त्याचा अर्थ शिसवी लाकूड असा केला, तर मॅक्रिंडल यांनी तिळाचे ओंडके असा केला. तिळाच्या रोपाला ओंडके कोठून येणार? ‘शिसम’ आणि ‘सेसम’ यांच्या उच्चारातील साम्यामुळे हा घोटाळा झाला असावा.

तांबे खाणीतून मिळते. पितळ मात्र तांब्यात जस्त मिसळून तयार करावे लागते. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी नुसते तांबे विकले की तयार पितळ विकले, हा साधा प्रश्न नाही. या गावाला कोणती विद्या येत होती, हे त्यावर अवलंबून आहे. एका सैल शब्दामुळे चौदाशे-पंधराशे वर्षांनंतरही आपल्याला त्याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही.

‘नक्षी’ पुरेशी नाही

‘नक्षी’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील ‘नक्श’ आणि मराठीतील ‘नक्षी’ ही भावंडेच आहेत. पण नक्षी म्हणजे केवळ आकृती. फूल, वेल, चांदणी किंवा जाळी. ती आकृती धातूवर कशी उमटवली, हे ‘नक्षी’ या शब्दातून कळत नाही.

एकदा नववीच्या वर्गाला ‘आमच्या घरातील एक जुनी वस्तू’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. कुणी पानदानावर लिहिले, कुणी सुरईवर, कुणी अत्तरदाणीवर. चाळीस वह्यांपैकी जवळजवळ सर्व वह्यांत एकच वाक्य होते : ‘त्यावर सुंदर नक्षीकाम आहे.’ एका मुलाने लिहिले, ‘आमची सुरई कोरी आहे.’ त्याला म्हणायचे होते की, सुरईवर कोरीव काम आहे. एका मुलीने लिहिले, ‘नानीजानचे पानदान जड आहे.’ तिला म्हणायचे होते की, पानदानात चांदी जडवली आहे.

वर्गात हशा पिकला. पण या दोन वाक्यांनी सर्वांनाच चांगला धडा दिला. मराठीत ‘कोरा’ म्हणजे ज्यावर काहीच नाही असा, आणि ‘कोरीव’ म्हणजे कोरलेला. एका अक्षराने अर्थ अगदी उलट झाला. मराठीत ‘जड’ म्हणजे वजनदार. उर्दूत ‘जड़’ म्हणजे झाडाचे मूळ. आणि ‘जडवणे’ म्हणजे एका पदार्थात दुसरा पदार्थ पक्का बसवणे. हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. ‘उठाव’ हा शब्दही असाच आहे. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ चा उठाव असतो. धातूच्या कामात उठाव म्हणजे पृष्ठभागावर उंच आलेली आकृती.

चार क्रियापदे

मग नेमके वर्णन कसे करावे? यासाठी कारागिरांचे सगळे शब्द पाठ करण्याची गरज नाही. चार साधी क्रियापदे लक्षात ठेवा : काढणे, सरकवणे, बसवणे आणि चढवणे. वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा, नक्षी करताना कारागिराने धातूचे काय केले?

काढणे. टोकदार आणि धारदार हत्याराने धातूचा बारीक कीस काढला, तर रेघेची खाच तयार होते. याला कोरणे म्हणतात. अशा कामाला कोरीव काम म्हणावे. रेघेवरून नख फिरवा. खाचेच्या कडा नखाला लागतात. धातू आरपार कापून भोके पाडली, तर त्याला जाळीकाम म्हणावे. उदबत्तीच्या किंवा ऊदाच्या भांड्याच्या झाकणावर असे काम असते. त्या भोकांतून धूर बाहेर येतो.

सरकवणे. येथे धातू कमी होत नाही. तो फक्त जागेवरून हलतो. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथील तांबट तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे सारखे ठोके देत जातात. त्यामुळे भांडे कडक होते आणि त्यावर लहान लहान चकाकणारे ठसे उमटतात. या क्रियेला मठारणे म्हणतात. पत्रा पाठीमागून ठोकून पुढे फुगवला, तर उठावाचे काम होते. अशी वस्तू उलटी करून पाहा. पुढे जेथे उंचवटा आहे, तेथे मागे खळगा दिसतो. बोथट हत्यार ठोकून पुढून रेघ दाबली, तर तीही कोरल्यासारखीच दिसते. पण पत्रा पातळ असेल, तर त्या रेघेची खूण मागच्या बाजूला दिसते. कोरलेल्या रेघेची तशी दिसत नाही. आजकाल बरीच भांडी यंत्राच्या ठशाखाली दाबून तयार होतात. एकाच दुकानातील दहा ताटांवरचे फूल पाकळीसकट हुबेहूब सारखे असेल, तर ते ठशाचे काम समजावे.

बसवणे. एका धातूत खाच पाडून तीत दुसऱ्या धातूची तार किंवा पत्रा ठोकून बसवला, तर त्याला जडावाचे काम म्हणतात. येथे दोन धातू असतात आणि एक दुसऱ्याच्या पोटात असतो.

चढवणे. येथे दुसरा पदार्थ पृष्ठभागावर थर म्हणून राहतो. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथिलाचा थर देतात, ती कल्हई. भांडे तापवतात, नवसागराने स्वच्छ करतात, त्यावर कथील टेकवतात आणि वितळलेले कथील कापसाने भराभर सर्वत्र पसरवतात. चांदीसोन्याचा पातळ थर दिला, तर तो मुलामा. रंगीत काचेची पूड धातूवर घालून भट्टीत वितळवली, तर तो मीना. जयपूरची मीनाकारी प्रसिद्ध आहे. मुरादाबादच्या पितळी भांड्यांवर मात्र कोरलेल्या खाचांत रंगीत लाख भरण्याची पद्धत आहे. बाजारात यालाही मीनाकारी म्हणतात. पण लाख आणि काच एक नव्हेत. लाख उष्णतेने मऊ होते. मीना तर भट्टीतूनच आलेला असतो. म्हणून आपण लिहिताना ‘कोरून लाख भरलेली फुलदाणी’ असे लिहावे. (घरातील वस्तू तापवून मात्र परीक्षा पाहू नये!)

काही कामे दोन क्रियापदांच्या सीमेवर असतात. तलवारीच्या मुठीवरची कोफ्तगरी हे त्याचे उदाहरण. पोलादाचा पृष्ठभाग बारीक उभ्याआडव्या ओरखड्यांनी खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याचांदीची तार ठोकून चिकटवतात. तार खोल खाचेत बसत नाही. ओरखड्यांना धरून राहते. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे, कुटणे. कुटलेल्या खिम्याचा कोफ्ता आणि ठोकलेल्या तारेची कोफ्तगरी हे एकाच कुळातले शब्द आहेत.

बिदरी : काळ्यावर पांढरे

आता एकाच कलेचे उदाहरण घेऊ. बिदर हे शहर आज कर्नाटकात आहे. पण ते आपल्या लातूर जिल्ह्यातील उदगीरला जवळ आहे. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. बिदरच्या कामाला बिदरी म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथेही हे काम होते.

काळ्याभोर सुरईवर चांदीची वेल चमकताना पाहून लोक तीन गोष्टी सहज बोलून जातात. ‘ही लोखंडाची आहे.’ ‘हिला काळा रंग दिला आहे.’ ‘वर चांदीने चित्र काढले आहे.’ ही तिन्ही वाक्ये चुकीची आहेत.

सुरई लोखंडाची नसते. जस्ताचे सुमारे सोळा भाग आणि तांब्याचा एक भाग अशा मिश्रणातून ती साच्यात ओतलेली असते. पितळेतही हेच दोन धातू असतात. पण पितळेत तांबे जास्त आणि बिदरीत जस्त जास्त. ओतलेली वस्तू कानशीने घासून गुळगुळीत करतात. तिच्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्यामुळे ती तात्पुरती काळपट होते आणि तिच्यावर काढलेली रेघ स्पष्ट दिसते. कारागीर हाताने आकृती काढतो, छिन्नीने खाचा पाडतो आणि त्यांत शुद्ध चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. मग वस्तू पुन्हा घासतात. या वेळी धातू आणि चांदी दोन्ही पांढरट दिसतात. सारी मेहनत जणू नाहीशी होते.

शेवटी वस्तू थोडी तापवून तिच्यावर नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती यांचा लेप चोळतात. हाच तो कल्हईवाल्याचा नवसागर. मिश्रधातू काळा होतो, चांदी मात्र तशीच राहते. नंतर तेल लावले की काळा रंग खुलतो. म्हणजे हा काळेपणा बाहेरून लावलेला रंग नाही; धातूच्या पृष्ठभागावरच झालेला बदल आहे.

बिदरीतील प्रकारांची नावे उर्दू वाचणाऱ्यांना फार सोपी वाटतील. खाचेत तार बसवली तर तारकशी. पत्र्याचे तुकडे कापून पृष्ठभागाच्या पातळीत बसवले तर तहनिशान. बसवलेली नक्षी थोडी वर ठेवली तर जरनिशान. आणखी उंच ठेवली तर जरबुलंद. चांदीचा मोठा पत्रा लावून त्यातूनच आकृती कापून काढली आणि खालचा काळा धातू दिसू दिला, तर ती आफताबी. या शेवटच्या प्रकारात काळ्यावर पांढरे फूल नसते. पांढऱ्यावर काळे फूल असते.

‘तह’, ‘बुलंद’, ‘आफताब’ या शब्दांचे अर्थ तुम्हांला ठाऊक आहेत. ही तुमची जमेची बाजू आहे. पण केवळ शब्दाच्या मूळ अर्थावर विसंबू नका. ‘जर’ म्हणजे सोने. तरी बिदरीच्या जरनिशानात बहुधा चांदीच असते. ‘तारकशी’ हा शब्द तर तीन ठिकाणी तीन अर्थांनी भेटतो. बिदरमध्ये ती धातूच्या खाचेत बसवलेली तार. ओडिशातील कटक येथे चांदीच्या बारीक तारा वळवून आणि एकमेकींना जोडून दागिने करतात. तेथे खाली धातूचे अंगच नसते. उत्तर प्रदेशातील मैनपुरीला शिसवी लाकडात पितळेची तार ठोकतात, तीही तारकशीच. म्हणून ‘ही तारकशीची डबी आहे’ एवढे सांगून भागत नाही. ‘जस्त-तांब्याच्या काळ्या डबीत चांदीची तार बसवली आहे, या कामाला बिदरमध्ये तारकशी म्हणतात,’ असे सांगितले की कुणाचाही गैरसमज होणार नाही.

यातून एक नियम मिळतो : आधी काम सांगा, मग नाव सांगा.

शब्द चुकला तर काय बिघडते?

कुणी म्हणेल, ‘नक्षी सुंदर आहे ना? मग कोरली काय आणि ठोकली काय!’ पण तसे नाही.

समजा, नानीजानचे बिदरी पानदान आपण पॉलिशवाल्याकडे नेले आणि म्हणालो, ‘ही चांदीची वस्तू काळी पडली आहे, स्वच्छ करा.’ तो आपले काम इमानाने करील. घासून घासून काळे अंग पांढरे करून देईल. काळ्या धातूवरची पांढरी वेल मग दिसणारच नाही. पिढ्यान्पिढ्या जपलेली वस्तू एका चुकीच्या वाक्याने बिघडेल. मुलामा दिलेली वस्तू भरीव सोन्याची समजून राखेने घासली, तर तिचा मुलामा निघून जाईल. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवले, तर ते कळकते आणि खाणाऱ्याला बाधते. भांड्याला ‘आतून पांढरा रंग आहे’ असे समजणारा कल्हई गेल्यावर सावध होत नाही. ‘कल्हई’ हा शब्द माहीत असणारा मात्र ती पुन्हा करून घेतो.

बाजारातही शब्दाला किंमत आहे. ‘सोन्याचे कडे’ आणि ‘सोन्याचा मुलामा दिलेले कडे’ यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पावतीवर कोणता शब्द लिहिला आहे, ते वाचून मगच पैसे द्यावेत. २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. त्यात अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एक वेगळा क्रमांक असतो. हासुद्धा एक प्रकारे नेमक्या शब्दाचाच आग्रह आहे. मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ असा वाक्प्रचार आहे. उर्दूत ‘कलई खुलना’ म्हणतात. वरचा थर गेला की आतले खरे रूप दिसते, हा अनुभव दोन्ही भाषांनी भांड्यांकडूनच घेतला आहे.

सर्वांत मोठी गोष्ट कारागिराची आहे. ठशाच्या यंत्राखाली ताट क्षणात दाबले जाते. जडावाच्या एका सुरईसाठी ओतणारा, घासणारा, कोरणारा आणि चांदी बसवणारा असे अनेक हात दिवसेंदिवस राबतात. आपण दोन्हींना ‘नक्षीकाम’ म्हटले, तर गिऱ्हाईक विचारील, ‘हे एवढे महाग का?’ आणि कारागिराला त्याच्या श्रमाचे मोल मिळणार नाही. बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ‘बिदरी’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान देण्यात आला. अशा हातांचा मान राखण्याचा एक मार्ग आपल्यालाही मोकळा आहे. त्यांनी जे केले ते आपण खऱ्या शब्दांत सांगावे.

वर्णन असे लिहा

आता पुढील दोन वर्णने वाचा.

(अ) ‘आमच्या घरी एक जुने पानदान आहे. ते काळ्या रंगाचे असून त्यावर चांदीचे फार सुंदर नक्षीकाम केलेले आहे. ते पाहून मन प्रसन्न होते.’

(आ) ‘आमच्या घरी एक गोल पानदान आहे. त्याचे अंग काळ्या मिश्रधातूचे असून ते साच्यात ओतलेले आहे. झाकणावर चांदीच्या तारेची वेल आणि पत्र्याची आठ फुले बसवलेली आहेत. हात फिरवला तर नक्षी लागत नाही. म्हणजे चांदी पृष्ठभागाच्या पातळीत आहे. एका फुलाची चांदी निघाली आहे आणि तेथे खाच दिसते. हे बिदरी काम आहे.’

पहिल्या वर्णनातले पानदान कोणाचेही असू शकते. दुसऱ्या वर्णनातले पानदान शंभर पानदानांतून ओळखता येईल. ते हरवले, तर पोलीस चौकीत तक्रार लिहिताना कोणते वर्णन उपयोगी पडेल, हे तुम्हीच सांगा.

दुसऱ्या वर्णनात अवघड शब्द नाहीत, हेही पाहा. वस्तूचे अंग कशाचे, नक्षी करताना काय केले आणि हाताला काय लागते, एवढेच त्यात आहे. एखादी नक्षी कशी केली हे कळले नाही, तर अंदाजाने मोठे नाव देऊ नये. ‘नक्षी उंच लागते, मागची बाजू सपाट आहे,’ असे जे दिसते तेच लिहावे. जाणकार माणूस त्यावरून पुढचे ओळखील. खोट्या नावाने मात्र त्याचीही दिशाभूल होईल.

कल्याणच्या जुन्या बंदरातून तांबे गेले की पितळ, हे आज सांगणे कठीण आहे. आपल्या घरातील वस्तूंबद्दल मात्र पुढच्या पिढीला असा प्रश्न पडू नये. त्यांचे खरे वर्णन लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

गलबत – शिडाचे मोठे जहाज
ओंडका – झाडाच्या खोडाचा जाड तुकडा
कासे – तांबे व कथील यांचा मिश्रधातू
कथील – कल्हईसाठी वापरतात तो पांढरा धातू, रांगा
जस्त – तांब्यात मिसळून पितळ करतात तो धातू
मोरचूद – तांब्यापासून तयार होणारा निळा क्षार
नवसागर – धातू स्वच्छ करण्यासाठी वापरतात तो पांढरा क्षार
कानस – धातू घासण्याचे खरबरीत हत्यार
छिन्नी – धातू किंवा दगड कोरण्याचे हत्यार
तांबट – तांब्याची भांडी घडवणारा कारागीर
कळकणे – धातूच्या भांड्यात आंबट पदार्थ बिघडणे
बाधणे – त्रासदायक होणे, अपाय होणे

वाक्प्रचार

पितळ उघडे पडणे – खरे रूप लोकांना कळणे
जमीन-अस्मानाचा फरक असणे – फार मोठा फरक असणे
हशा पिकणे – सर्वांनी मोठ्याने हसणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या कोणत्या कारागिरांचा उल्लेख आहे?
(आ) बिदरी वस्तूच्या मिश्रधातूत कोणता धातू जास्त असतो?
(इ) उठावाचे काम ओळखण्यासाठी वस्तूची कोणती बाजू पाहावी?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘खाल्कोस’ या शब्दामुळे कोणता घोटाळा झाला?
(आ) ‘ही तारकशीची डबी आहे’ हे वाक्य अपुरे का आहे?
(इ) बिदरी पानदानाला ‘काळी पडलेली चांदी’ म्हटले तर काय होईल?

३. फरक सांगा.
(अ) कोरा – कोरीव (आ) जड – जडवलेले (इ) कल्हई – मुलामा (ई) मीना – लाख

४. योग्य क्रियापद निवडा. (काढणे, सरकवणे, बसवणे, चढवणे)
(अ) जाळीकाम (आ) मठारणे (इ) मुलामा (ई) तहनिशान

५. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.

६. उपक्रम : घरातील एक नक्षीदार भांडे घ्या. ‘नक्षीकाम’ आणि ‘सुंदर’ हे दोन शब्द न वापरता त्याचे आठ ओळींत वर्णन करा. ते वर्गात वाचून दाखवा. भांडे न पाहता मित्रांना त्याचे चित्र काढता आले, तर तुमचे वर्णन साधले असे समजा.